ताटे घासण्यापूर्वी



समुद्रकाठचा बंगला, संध्याकाळी जमलेले डझनभर पाहुणे, प्रत्येकाच्या हातात पेला. त्यांतला एक वृद्ध धर्मगुरू घोटभर पितो, त्याचा चेहरा आक्रसतो आणि बघता बघता तो गतप्राण होतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'थ्री अ‍ॅक्ट ट्रॅजेडी' या इंग्लंडात १९३५ साली निघालेल्या कादंबरीची ही सुरुवात. बाईंना विषांची माहिती ऐकीव नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या रुग्णालयाच्या औषधशाळेत काम केले होते, औषधे मोजून दिली होती. अशा कथांतला शेवटचा प्रसंग वाचकांच्या लक्षात राहतो: सगळे संशयित एका दालनात बसलेले, गुप्तहेर उभा, एकेकाचे बिंग फुटत चाललेले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांनाही तपास म्हणजे असेच काही वाटत आले. पण याच कादंबरीतली एक गोष्ट वाचक विसरतात. पहिल्या मृत्यूनंतर पेला तपासला जातो, त्यात काही सापडत नाही, आणि म्हातारा माणूस होता, गेला, असे म्हणून प्रकरण मिटते. पुढे दुसऱ्या मेजवानीत दुसरा माणूस मरतो, त्याच्या शरीरात निकोटिन सापडते, आणि मग धर्मगुरूचे प्रेत उकरून काढून तपासावे लागते. तोपर्यंत जगप्रसिद्ध गुप्तहेराचाही तर्क चुकलेला असतो.

माझे आजचे म्हणणे या विसरलेल्या भागाशी जोडलेले आहे. पंगतीत विष आले तर त्या प्रकरणाचा निकाल गुप्तहेराच्या बुद्धीवर फारच थोडा अवलंबून असतो. तो पहिल्या काही तासांत, जे स्वतःला तपासनीस मानतही नाहीत अशा माणसांच्या हातून लागून जातो. रोग्याच्या डोळ्यांत बॅटरी मारणारा तालुक्याचा डॉक्टर, उलटीची बाटली भरून ठेवणारी परिचारिका, 'थांबा, पातेली घासू नका' असे म्हणणारा पोलीस पाटील ही ती माणसे. त्यांच्या हातून जे निसटते ते पुढे कितीही हुशार अधिकारी आला तरी परत मिळत नाही. आणि ती निसटलेली जागा हुशारीने भरून काढायचा प्रयत्न झाला, की न्यायाचे नुकसान होते. हे मी चार-पाच खऱ्या प्रकरणांच्या आधाराने मांडणार आहे. त्यांतली काही या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी वाटतील, त्यांचाही विचार करू.

१८ जून २०१८ रोजी रायगड जिल्ह्यातल्या महड गावी एका घराची वास्तुशांत होती. महड म्हणजे खालापूर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे गाव. पाहुणे जेवले आणि रात्री उलट्या, पोटदुखी सुरू झाली. शंभराच्या आसपास माणसे आजारी पडली, पाच दगावली, त्यांत बहुतेक लहान मुले होती. सुरुवातीला सर्वांनी ही नेहमीची अन्नातून झालेली विषबाधा समजली. काही दिवसांनी पोलिसांनी यजमानांच्याच नात्यातल्या एका तरुण स्त्रीला अटक केली आणि तिने वरणात कीटकनाशक मिसळल्याचा आरोप ठेवला. रंगावरून आणि स्वयंपाकावरून होणाऱ्या टोमण्यांचा राग, असे कारण पोलिसांनी सांगितले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी हे कारण उचलले. काळा रंग, टोमणे, सूड, मथळ्याला याहून काय हवे? आरोप हा आरोप असतो, तो सिद्ध करणे न्यायालयाचे काम, त्यात मी पडत नाही. मला त्यातला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोणत्याही मथळ्यात आला नाही. महाराष्ट्रात दरवर्षी लग्नात, भंडाऱ्यात, कंदुरीत, सप्ताहात शेकडो माणसांना अन्नातून बाधा होते. त्यांतली जवळपास सगळी शिळ्या, उघड्या, नीट न शिजलेल्या अन्नाची प्रकरणे असतात. या गर्दीत एखादे प्रकरण वेगळे आहे हे कोणाला, केव्हा आणि कशावरून कळते? ज्या दिवशी ते कळते त्या दिवशी तपास सुरू होतो. ते कळलेच नाही, तर खून झाला होता हेही जगाला कळत नाही.

वैद्यकाकडे याचे उत्तर आहे, आणि ते बरेच सोपे आहे. पहिली खूण वेळेची. नासलेल्या दुधातुपाच्या पदार्थांतले जंतुविष साधारण एक ते सहा तासांत उलट्या आणते. साल्मोनेलासारखे जंतू पोटात वाढून त्रास द्यायला बहुधा सहा तासांपासून दोन-तीन दिवस घेतात, आणि बरोबर ताप आणतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके पोटात गेली तर काही मिनिटांपासून काही तासांत माणूस कोसळतो आणि ताप नसतो. दुसरी खूण डोळ्यांची. ही कीटकनाशके शरीरातले कोलिनेस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. मग लाळ गळते, घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज येतो, स्नायू फुरफुरतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. धोत्र्याच्या बियांनी नेमके उलटे होते: तोंड कोरडे, त्वचा तापलेली, बाहुल्या विस्फारलेल्या, माणूस बरळू लागलेला. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोत्रा चारून लुटणाऱ्यांमुळे मुंबई इलाख्याच्या रासायनिक विश्लेषकांकडे अशी प्रकरणे सतत येत असत. तिसरी खूण जेवणाऱ्यांच्या यादीची. कोणी वरण घेतले, कोणी फक्त शिरा खाल्ला, कोण उपाशी उठले, आणि त्यांतले कोण आजारी पडले, हे कागदावर लिहिले की दोषी पदार्थ बराचसा आपोआप वेगळा निघतो. साथरोगाचे तज्ज्ञ जगभर हेच करतात. यासाठी कुशाग्र बुद्धी लागत नाही, त्या रात्री वही आणि पेन घेऊन बसणारा एक माणूस लागतो. दुसऱ्या दिवशी विचारले तर माणसे काय खाल्ले ते आठवून सांगत नाहीत, गावात जी चर्चा चालली आहे ती सांगतात.

आता यापेक्षा शंभर-दीडशे वर्षे मागे जाऊ. मराठी माणसाच्या इतिहासातले विषप्रयोगाचे सर्वांत गाजलेले प्रकरण बडोद्याचे. तिथला इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर रोज सकाळी फिरून आल्यावर पपनसाचे सरबत घेई. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याने दोन-तीन घोट घेतले, बरे वाटेना, उरलेले सरबत त्याने बाहेर फेकले, आणि मग पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला तो मात्र राखून ठेवला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला, पुढे मुंबईचे सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी तपासला. सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. हिऱ्याची पूड म्हणजे जालीम विष हा त्या काळचा पक्का समज. प्रत्यक्षात हिरा पोटात विरघळत नाही. पण सोमल सोमलच. म्हणजे विष होते, ते सरबतात होते, हे दोन मुद्दे पेल्याच्या तळच्या गाळाने सिद्ध केले. इथपर्यंत प्रकरण भक्कम होते.

त्यापुढे गुप्तहेर आले. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपले नामांकित अधिकारी घेऊन बडोद्याला पोचले. त्यांत खानबहादूर अकबर अली हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी माफीच्या वचनावर बोलू लागला. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी निघाली, आणि ती काढली अकबर अलीने, घटना होऊन दीड महिना उलटल्यावर. जमादार नरसू याने कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी घेतली. महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत, तोही माफीच्या वचनावर, महाराज मल्हारराव गायकवाडांचे नाव घेऊन मोकळा झाला. चौकशीसाठी आयोग बसला: कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांच्याबरोबर दोन इंग्रज अधिकारी, आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा वकील आणला गेला. त्याने हल्ला चढवला तो सोमलावर नाही, पुडीवर आणि कबुल्यांवर. रोज अंगावर असणाऱ्या पट्ट्यात गुन्हेगार आपल्या फाशीचा पुरावा दीड महिना का बाळगील? माफी मिळवण्यासाठी बोलणारा माणूस विचारणाऱ्याला हवे तेच बोलणार नाही कशावरून? शेवटी आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांच्या मते आरोप सिद्ध, तिघा भारतीयांच्या मते असिद्ध. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढले खरे, पण जाहीरनाम्यात कारण दिले ते गैरवर्तन आणि बेबंद कारभार हे. विषप्रयोगाचा आधार घ्यायला सरकारच धजले नाही.

या निकालात वर्ण आणि सत्तेचे राजकारण होते, हे उघड आहे, आणि एखादा म्हणेल की आयोग दुभंगला तो पुराव्यामुळे नव्हे, हितसंबंधांमुळे. मला हे अर्धेच पटते. हितसंबंध तर दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून होते. तरीही सरबतात सोमल होता हे भारतीय सदस्यांनी वादाचे केंद्र बनवले नाही. वाद पेटला तो पुडीपासून पुढे. जिथे वस्तू बोलत होती तिथे शत्रूही फारसे भांडले नाहीत. जिथे माणसे बोलू लागली, तीही पोलिसांच्या ताब्यात राहून, तिथे विश्वास संपला. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून बाद केली होती. तो नियम किती शहाणपणाचा आहे हे त्या कायद्याबाहेरच्या या खटल्याने दोन-तीन वर्षांतच दाखवून दिले. तो नियम आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण बिहारचे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि तेवीस मुले मेली. पहिल्याच दिवसापासून कटाचा बोलबाला झाला, राजकीय पक्ष एकमेकांकडे बोट दाखवू लागले, सत्तेतल्या जबाबदार माणसांनीही कारस्थान म्हटले. कादंबरीतला गुप्तहेर असता तर त्याने हेतू शोधायला घेतला असता, आणि हेतू सापडलेही असते. कोणत्या गावात भांडणे नसतात? प्रत्यक्षात न्यायवैद्यक प्रयोगशाळेने उरलेले अन्न, भांडी आणि तेलाचा डबा तपासला आणि चार-पाच दिवसांत सांगितले की मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक तेलात होते. एकदा तेल म्हटले की प्रश्नच बदलला. तेल कोठून आले, कोणी कशात साठवले, आणि स्वयंपाकिणीने वास वेगळा येतो म्हटल्यावर काय उत्तर मिळाले? २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्याध्यापिकेला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा सुनावली. तिथे सूडाचा हेतू शोधणे म्हणजे चुकीच्या गावाला जाणाऱ्या गाडीत बसणे होते.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो, आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या खटल्यातूनच येतो. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेही, सधन विधवा. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्यांचे परिचित डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना तज्ज्ञाला दाखवायला रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले ते भलत्याच नावाने, आणि त्याच दिवशी दुपारपूर्वी त्या गेल्या. प्रेताला वारस नाही म्हणून ते बेवारस ठरले. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, आणि त्यात विष सापडले नाही. त्यानंतर कित्येक महिने नातलगांना बाईंच्या नावाने पत्रे येत राहिली की आपण पुन्हा लग्न करून जयपूरकडे राहतो आहोत, आणि इकडे त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे वळत राहिली. विष नाही, साक्षीदार नाही, तरीही सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना खुनी ठरवले. मग आक्षेपक विचारतील, वस्तूंच्या पुराव्यावाचूनही सत्य निघालेच ना? पत्रांच्या हस्ताक्षरांमागे, बँकेच्या व्यवहारांमागे धावणाऱ्या गुन्हे अन्वेषण अधिकाऱ्यांनीच हे सिद्ध केले ना?

निघाले, मान्य. पण कशाच्या बळावर निघाले ते पाहा. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे. त्यांचा आधार आरोपीच्या वागण्याची अखंड साखळी हा होता: खोटे नाव, मृत्यूची लपवाछपवी, मेलेल्या बाईच्या नावाने लिहिलेली पत्रे. ही साखळी गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने, महिनोन्महिने, लोभापायी घडवली. तो गप्प बसला असता तर? मधुमेहाने बेशुद्धी, एवढ्यावरच कागद बंद झाला असता. शिवाय त्याच खंडपीठातले न्यायमूर्ती ए. के. सरकार यांनी विरुद्ध मत दिले होते; मृत्यू विषानेच झाला हेच शंकेपलीकडे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीनपैकी एक न्यायमूर्ती या एका मुद्द्यावर अडला, त्याचे मूळ त्या दहा दिवसांत आहे. शव लगेच तपासले गेले असते तर कदाचित तिघेही एका बाजूला आले असते. कोणत्या बाजूला, हे सांगायची गरज नाही. लागू खटला माझ्या म्हणण्याला खोडत नाही. नमुना गेला तर न्यायाला किती लांबचा आणि किती अडचणीचा रस्ता काढावा लागतो, हे तो दाखवतो.

आणि तो रस्ता नेहमी सापडत नाही. पुण्याचाच दुसरा खटला, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून १९८२ मध्ये लग्नाला चार महिने झालेली एक तरुणी पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. इथे विष सापडले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने बाद होत नव्हती. विष घालून केलेल्या खुनासाठी न्यायालयाने तिथे चार गोष्टी मागितल्या: विष देण्यास स्पष्ट हेतू, मृत्यू विषानेच झाल्याची खात्री, आरोपीकडे ते विष असणे, आणि ते देण्याची संधी. या चार कसोट्या धूर्त गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतात असे पुष्कळांना वाटते, आणि १९८८ च्या भूपिंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की विष आरोपीकडे होते हे सिद्ध झाले नाही म्हणून खटला आपोआप कोसळत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपल्या भागात यांतल्या तीन कसोट्या जवळजवळ निरुपयोगी आहेत. दक्षिण सोलापूर किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी जा. तूर, ऊस, द्राक्षे असतील तर कोपऱ्यात, माळ्यावर किंवा गोठ्यात औषधाची बाटली असतेच. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने विकणाऱ्याला परवाना लागतो, पण घेणाऱ्याला आपला हेतू सांगावा लागत नाही. इंग्लंडमध्ये १८५१ पासून सोमल विकताना वहीत नाव, कारण आणि सही घ्यावी लागे, आणि तिथल्या रहस्यकथा त्या वहीवर जगल्या. इथे ताबा सगळ्यांचाच. २०१८ च्या आदेशाने फोरेटसारखी काही कीटकनाशके २०२० अखेरपासून बंद झाली, तरी बाकीची दुकानात आहेतच. संधीचे तेच: पंगतीत वाढणारे दहा, चुलीपाशी जाणारे वीस. आणि हेतू? शंभर पाहुण्यांच्या लग्नात हेतू मोजायला बसलो तर पहाट होईल. उरते ती एकच कसोटी, विष कोणते आणि कोणत्या पदार्थात. बाकीच्या तिन्हींना अर्थ येतो तो हिच्या उत्तराने. वरणात होते की तेलात, फोडणीआधी की वाढताना, हे कळले की वीस माणसांतली अठरा गळतात.

हेतूला मी इतका कमी का लेखतो, असे विचारले जाईल. कारण हेतूची चौकशी नेहमी दुर्बळाच्या दारात जाऊन थांबते. नवी सून, माहेरी परतलेली लेक, मजुरीला आलेली स्वयंपाकीण, दुसऱ्या वस्तीतला वाढपी. गावाला यांच्यावर संशय घ्यायला पुरावा लागत नाही. मी जिथे बोलतो आहे त्या वळसंगला हे सांगायला नको. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर ज्या विहिरीसाठी या गावी आले ती विहीर ज्या काळात खोदावी लागली, त्या काळात एखाद्याच्या स्पर्शाने पाणी बाटते हा आरोप कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता सिद्ध धरला जाई. पंगतीतल्या विषाच्या संशयाची जात याहून फार वेगळी नाही. प्रयोगशाळेचा अहवाल दोषी माणूस पकडायला लागतो, आणि निर्दोष माणूस सोडवायला त्याहून अधिक लागतो. गंडामनमध्ये तेलाचा डबा धुतला गेला असता तर सगळा दोष त्या स्वयंपाकिणीवर ढकलला जाणे किती सोपे होते, याचा विचार करून पाहावा.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. रात्री नऊ वाजता दोनशे माणसे ओकत दवाखान्यात येतात तेव्हा बाटल्या भरायला हात कोणाचा मोकळा असतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला प्रसादातून बाधा झाली तेव्हा खाटा पुरल्या नाहीत. माणसांना जमिनीवर झोपवून, दोरीला सलाइनच्या बाटल्या बांधून उपचार झाले. डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचवणे, यात वाद नाही. पण यातले पुष्कळसे उपचाराच्या आड येत नाही. कीटकनाशकाच्या बाधेत पोट धुतात, तेव्हा पहिले धुवण एका स्वच्छ बाटलीत वेगळे ठेवायला मिनिट लागते. अ‍ॅट्रोपिन द्यायचे की नाही हे छातीतली घरघर, लाळ, घाम आणि बाहुल्या पाहून ठरते, म्हणजे उपचारासाठी जे पाहायचे तेच पुराव्यासाठी केसपेपरवर लिहायचे. शवविच्छेदनातले आतड्याचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचे, सील करायचे, कोणी कोणाला दिले त्याची नोंद ठेवायची. यात काही नवे नाही, तक्रार आहे ती आळसाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत देऊन. ही सुधारणा चांगली आहे. मात्र गुन्हा आहे असे कोणाला वाटल्यावरच तो तज्ज्ञ येतो, आणि सोलापुरातून निघून इथे पोचेपर्यंत पातेली चकचकीत झालेली असतात.

म्हणून सुरुवात यजमानाकडून व्हावी लागते. पाहुण्यांच्या ताटातले अन्न तपासणीसाठी राखणे हा पाहुण्यांचा आणि आचाऱ्याचा अपमान आहे, अशी भावना असते. शालेय पोषण आहारात मात्र हा नियमच आहे: शिक्षकाने आधी चव घ्यायची आणि शिजलेल्या अन्नाचा नमुना राखून ठेवायचा. तिथे कोणी रुसत नाही. मोठ्या पंगतीला भात, आमटी, भाजी, गोड पदार्थ आणि तळणीचे तेल यांचे एकेक झाकणाचे डबे वाढायला सुरुवात होताच भरावेत, त्यांवर वेळ आणि भरणाऱ्याचे नाव लिहावे, फ्रीज असेल तर त्यात ठेवावेत, पिण्याच्या पाण्याची एक बाटली बरोबर ठेवावी. तीन दिवस कोणाला काही झाले नाही, की ते रिकामे करायला हरकत नाही.